पितो एकटा, भोगते घर



शाळेत हजेरीपट नावाची एक वही असते. शिक्षक मंडळींना ती सांगायला नको. महिनाअखेरीला तिची बेरीज मारायची, सरासरी काढायची आणि तक्ता वर पाठवून द्यायचा, एवढाच तिचा उपयोग, असे मी नोकरीची बरीच वर्षे समजत होतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका मुलाने मला ती वही वाचायला शिकवली. त्याचीच हकीकत आधी सांगतो.

कृष्णाकाठचे उसाचे गाव. माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. त्यात एक मुलगा गणितात मोठा तल्लख. तोंडी हिशेब घातला, की पाटीवर उतरवून घेण्याआधीच त्याचे उत्तर तयार. पण सोमवार आला की स्वारी एक तर गैरहजर, नाहीतर तास-दीड तास उशिरा. आणि आला तरी दुसऱ्या तासाला डोके दप्तरावर टेकलेले. मी त्याला उभे केले, अंगठे धरायला लावले आणि, खोटे कशाला बोलू, छडीही मारली. पोराने कारण कधी सांगितले नाही. मार खाऊन जागेवर बसायचा आणि पुन्हा पेंगायचा.

एका महिनाअखेरीला बेरीज करताना त्याच्या नावाच्या ओळीवर माझे बोट थांबले. खाडे बरोबर सात-सात दिवसांच्या अंतराने पडलेले. मागचे महिने उलटून पाहिले. तेच. मग ध्यानात आले, की आमच्या गावचा बाजार रविवारी भरतो. मजुरांचा आठवड्याचा पगार बाजारच्या दिवशी होतो. आणि बाजाराच्या कडेलाच गुत्ता आहे.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. बाप घरी नव्हता. आईने पटकुर टाकून मला बसायला दिले आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर म्हणाली, “गुरुजी, बाजारच्या राती आम्ही घरात नसतो. पोरास्नी घेऊन मारुतीच्या देवळामागं बसते. मालक झोपलं, की माघारी येतो. कधी दोन वाजत्यात, कधी कोंबडं आरवतं. पर हे गावात कुणाला सांगू नगा.”

मंडळी, रात्रभर देवळामागे बसलेल्या पोराला मी सकाळी झोप येते म्हणून छडी मारत होतो. आज इतक्या वर्षांनी हे सांगतानाही मला बरे वाटत नाही. पण त्या घटनेतून मला जे उमगले, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे. ते असे, की दारू पिणारा एकटा असतो, पण तिचा अंमल साऱ्या घरावर चढतो. आणि तो अंमल टिकून राहतो याचे एक मोठे कारण म्हणजे आपण सारे मिळून तो झाकून ठेवतो.

आता आधी पिणाऱ्याच्या मनाचे पाहू.

दारू पोटात गेली की ती अन्नासारखी पचत बसत नाही. जठरातून आणि लहान आतड्यातून ती सरळ रक्तात उतरते आणि थोड्याच मिनिटांत मेंदूपर्यंत पोचते. पुष्कळांची समजूत अशी, की दारूने अंगात जोर येतो. खरे पाहता ती मेंदूला मंद करणारी वस्तू आहे. मग पिणारा मोठ्याने हसतो, गातो, भांडतो ते का? आपल्या कपाळामागच्या मेंदूत बरे-वाईट तोलणारी आणि जिभेला आवर घालणारी शक्ती असते. ती आधी सैल पडते. गाडीवानाने कासरा सोडला की बैल उधळतात. त्या वेळी बैलांच्या अंगात काही नवा जोर आलेला नसतो; आवरणारा हात ढिला झालेला असतो. दारूचा जोर म्हणतात तो हाच.

सुरुवातीला हा सैलपणा गोड वाटतो. भिडस्त माणसाला चार लोकांत बोलता येते. सोसायटीचे कर्ज, भावकीचा वाद, वाया गेलेले पीक, यांचा घोर तासभर हलका होतो. मेंदूत सुखाची जाणीव जागवणारी जी यंत्रणा आहे तिला दारू चाळवते, आणि मन तो आराम विसरत नाही. पुढच्या वेळी घोर लागला की ते त्याच वाटेकडे बोट दाखवते. पण मेंदूही मोठा हिशेबी. रोज कुणी आपल्याला मंद करते आहे म्हटल्यावर तो उलट बाजूने नेट लावून तोल सांभाळू लागतो. मग तेवढ्याच आरामाला पहिल्यापेक्षा जास्त दारू लागते. या पायरीवर पिणारा मिशीला पीळ देऊन सांगतो, “आपल्याला काही चढत नाही बुवा!” श्रोतेहो, हे ताकदीचे लक्षण नव्हे. शरीर विषाला सरावल्याचे ते लक्षण आहे.

पुढची पायरी याहून वाईट. दारू उतरते, पण मेंदूने लावलेला उलट नेट तसाच राहतो. म्हणून सकाळी हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडते, कशाची म्हणून नाही पण भीती वाटते. ती घालवायला सकाळीच घोट लागतो. आधी काळजी विसरायला दारू होती. आता दारूच काळजी उत्पन्न करते आणि तीच तात्पुरती मिटवते. इथे आवड संपली आणि गरज सुरू झाली.

झोपेचेही असेच. “घेतली की झोप छान लागते,” असे सांगतात. डोळा लवकर लागतो हे खरे. पण उत्तररात्री झोप मोडते आणि ज्या झोपेने मनाचा थकवा जातो तीच कमी होते. म्हणून असा माणूस सकाळी चिडलेला उठतो आणि त्याचा पहिला राग निघतो तो चहा पुढे करणाऱ्यावर.

आणखी एक गोष्ट घरातल्या मंडळींना फार गोंधळात टाकते. रात्री शिव्यागाळी केलेली, भांडी फेकलेली, आणि सकाळी माणूस म्हणतो, “मी असं काही केलंच नाही.” बायकोला वाटते, हा धडधडीत खोटे बोलतो. कधी तसेही असते. पण पुष्कळदा त्याला खरोखरच आठवत नसते. फार दारू चढली की मेंदू आठवण नोंदवणेच थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, मारतोसुद्धा. मात्र त्या वेळेचे पान कोरे राहते. आठवत नाही म्हणून त्याची जबाबदारी टळत नाही. परंतु भांडण “आठवतंय का?” यावरच अडकून पडते, ते यामुळे.

वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या मनात संशय घर करतो, हेही वैद्यांनी आणि मानसतज्ज्ञांनी पुष्कळदा पाहिलेले आहे. बायको पाण्याला गेली तरी उशीर का झाला, शेजाऱ्याशी काय बोललीस, अशी उलटतपासणी चालते. काहींना उदासी ग्रासते. आणि मन आधीच खचलेले असताना आवरणारी शक्ती दारूने सैल केली, की माणूस जिवाचे बरे-वाईट करून घेण्याचा धोका वाढतो. प्यायलेला माणूस मरणाची भाषा बोलू लागला तर “दारू बोलतेय” म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटे ठेवू नका, आणि घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा.

या ठिकाणी एक धोक्याची सूचना देतो. ती नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकाएकी दारू तोडायला लावू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर सुरू होते. एक-दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भास होऊ लागतात. भिंतीवर किडे दिसतात, अंगावर साप चढतो, कुणी मारायला येते आहे असे वाटते. आपल्याकडे लोक म्हणतात, “बाहेरचं झालं,” आणि माणसाला देवऋष्याकडे नेतात. त्या वेळी त्याला इस्पितळात न्यायला हवे. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. पण वेळेवर औषध आणि ब-१ हे जीवनसत्त्व मिळाले तर माणूस सावरतो. दारू सोडावी ती अवश्य. पण अशा माणसाने ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी.

हे झाले पिणाऱ्याचे. आता घराकडे वळू.

ज्या घरात दारू शिरते त्या घरात घड्याळ बदलते. दिवस मावळला की सर्वांचे कान दाराकडे लागतात. मुले पावलांच्या आवाजावरून ओळखतात, की आज किती घेतली आहे. चप्पल ओढत आली तर दिवा बारीक करायचा, धाकट्याला गप्प करायचे, आणि ताटे आधीच वाढून मोकळे व्हायचे. ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पण सात-आठ वर्षांचे पोर त्यात तरबेज होते. असे पोर शाळेत येते तेव्हा त्याचे अर्धे मन घरीच राहिलेले असते.

मग घरातला प्रत्येक जण आपापले एक काम पत्करतो. बायको झाकपाक करते. “त्यांना ताप आहे,” असा निरोप ती मालकाकडे धाडते, उधारी भागवते, पडलेल्याला उचलून आणते. थोरली मुलगी आई होते. एखादा मुलगा अतिशय शहाणा होतो, तक्रार करत नाही, हट्ट करत नाही. सगळे त्याला गुणी म्हणतात. दुसरा मारामाऱ्या करतो आणि घराचा सगळा दोष त्याच्या माथी येतो. म्हातारी आई सुनेला बोल लावते: “तूच धड वागत नाहीस, म्हणून तो पितो.” ही सारी माणसे घर सावरण्यासाठीच धडपडत असतात. पण सगळ्यांच्या धडपडीचा परिणाम असा होतो, की पिणाऱ्याला आपल्या पिण्याची झळ लागत नाही. तिची किंमत दुसरेच कुणी भरत असते.

किमतीचा थोडा हिशेब करू. मास्तराची सवय जात नाही. रोजचे शंभर रुपये धरा. वर्षाचे झाले ३६,५०० रुपये. दहा वर्षांचे ३ लाख ६५ हजार. बुडालेला रोजगार यात धरलेला नाही. डॉक्टरचे बिल आणि मोडलेले मंगळसूत्र धरलेले नाही. शिक्षक बंधूंनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. मात्र कुणाच्या बापाचे नाव घेऊन घालू नये. उत्तर आपोआप ज्याच्या त्याच्या घरी पोचते.

आणि हे दुखणे गरिबाच्या झोपडीतलेच असते, असे कुणी समजू नये. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ नाटक आपल्याला ठाऊक आहे. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर काही अडाणी मजूर नाही. बुद्धिमान वकील आहे. कोर्टात मानभंग झाला, त्या सलीवर तळीरामाने पुढे केलेला पहिला पेला त्याने घेतला. पुढे तो सोडण्याचा निश्चय करतो. पण जुन्या ओळखीच्या लोकांकडे काम मागायला गेला असता अवहेलनाच पदरी येते आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. सिंधूचे आणि लेकराचे जे झाले ते आठवून लोक शंभर वर्षे डोळे पुसत आले आहेत. मला मात्र आज तळीराम जास्त आठवतो, आणि सुधाकराला दारातून परत लावणारे ते प्रतिष्ठित लोक आठवतात.

कारण समाजाचा वाटा इथे येतो. श्रोतेहो, जरा आपल्या गावाकडे पाहा. हळदीला दारू, वरातीला दारू, निवडणुकीला दारू. गाडी घेतली, पार्टी. बोअरला पाणी लागले, पार्टी. जो घेत नाही त्याला म्हणायचे, “घे रे, एकाने काय होतंय? तू काय बाईमाणूस आहेस काय?” म्हणजे पिणे हा पुरुषपणाचा दाखला आम्हीच ठरवला. आणि तोच माणूस पुढे गटारात पडला, की त्याला ‘बेवडा’ म्हणून हसणारेही आम्हीच. पाजताना मैत्र आणि पडताना तमाशा! या दोन्हींच्या मध्ये त्या माणसाला हात देणारा कुणी नसतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी देशभर केलेली एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १६ कोटी लोक दारू पिणारे आढळले. आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना पिण्यापासून इतका त्रास, की त्यांना मदतीची गरज आहे. एवढ्या घरांत जी गोष्ट चालू आहे, ती प्रत्येक घर आपल्यापुरते गुपित समजून वागते.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार जुना आहे. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा १८८० साली जोतीराव फुले यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून हरकत घेतली होती. गाडगे महाराजांनी तर गृहस्थाश्रमात असताना, मुलीच्या बारशाला दारू-मटणाचे जेवण घालण्याची रूढी मोडून गोडाचे जेवण घातले. जातभाई रागावले असतील. पण भाषण न करता त्यांनी दाखवून दिले, की दारूवाचूनही पाहुणचार होतो. पुढे १९४९ मध्ये मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. साठ-सत्तरच्या दशकांत तो सैल होत गेला. लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली.

बंदी असावी की नसावी, यावर वाद पुष्कळ. बंदीने चोरटी दारू वाढते, असे एक बाजू म्हणते. दुकान दाराशी नसले तर पिणे कमी होते, असे दुसरी म्हणते. दोन्हींत तथ्य आहे. पण गावाच्या हातात एक साधन आहे, ते शिक्षकांनी लोकांना समजावून सांगावे. गावातल्या स्त्रियांनी ठरावीक पद्धतीने मागणी केली, तर परवाना असलेले दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. नोंदलेल्या स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली, की दुकान बंद. महाराष्ट्रात अनेक गावांच्या बायकांनी ते करून दाखवले आहे. मात्र दुकान बंद झाले, म्हणून पिणाऱ्याच्या मेंदूतली ओढ त्याच दिवशी बंद होत नाही. तिला वेगळा इलाज लागतो.

हा इलाज आहे, हेच पुष्कळांना माहीत नसते. दारूचे व्यसन हा दुर्गुण आहे, शपथेने सुटेल, असे आपण समजतो. देवापुढे नारळ फोडतो, माळ घालतो. काहींना त्याचा उपयोग होतोही. कारण माळ घातली की चार चांगल्या माणसांची सोबत मिळते. परंतु वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार मानते. मधुमेहासारखा तो लांब पल्ल्याचा आहे: सांभाळता येतो, पण ‘आता बरा झालो’ म्हणून विसरता येत नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये दोन व्यसनी माणसांनी एकमेकांना आधार देत दारू सोडली आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिथे कुणी उपदेश करत नाही. सगळेच एका होडीतले. “आजचा दिवस घेणार नाही,” एवढाच संकल्प. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे पाठबळ लाभले. तिथेही माणसाला माणूस म्हणून वागवण्यावर भर राहिला. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला हवा असेल तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत. लिहून ठेवा.

घरच्या माणसांनी काय करावे? प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नये. त्या वेळी बोलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. लिंबू, ताक पाजूनही दारू उतरत नाही. यकृत आपल्या गतीने ती जाळते, तेवढा वेळ जावाच लागतो. बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीत असताना. “तू नालायक आहेस,” असे न म्हणता “काल रात्री असे असे झाले, पोरं उपाशी झोपली,” एवढेच सांगावे. त्याची उधारी भागवणे, त्याच्यासाठी खोटा निरोप धाडणे, हे थांबवावे. आणि माय-बहिणींनो, मार सोसणे हा पतिव्रतेचा धर्म नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा तुमच्या बाजूने आहे. नवरा आजारी असला, तरी तुम्ही आणि लेकरे सुरक्षित असणे हे आधी.

शिक्षक बंधुभगिनींना माझे एक मागणे आहे. हजेरीपट वाचा. कुणाचे खाडे कोणत्या वारी पडतात ते पाहा. असे मूल सापडले तर वर्गापुढे विचारू नका, एकटे गाठा. त्याला तीन गोष्टी सांगा: बाबा पितात तो तुझा दोष नाही, त्यांना थांबवणे हे तुझे काम नाही, आणि तुला भीती वाटली तर माझे दार उघडे आहे. अशी मुले मोठेपणी व्यसनाकडे वळण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. पण तो धोका म्हणजे विधिलिखित नव्हे. घराबाहेरचे एक तरी विश्वासाचे मोठे माणूस लाभले, तर पुष्कळ मुले सावरतात. मुलांना हेही सांगा, की मेंदूची वाढ विशी ओलांडेपर्यंत चालू असते. कोवळ्या वयातला घोट जास्त खोल रुतून बसतो.

आता त्या मुलाच्या बापाचे काय झाले, ते सांगून संपवतो.

मी त्या माऊलीचे गुपित फोडले नाही. पण तिच्याच संमतीने तिच्या भावाला आणि आमच्या डॉक्टरांना सांगितले. दोन-तीन महिने गेले. शेवटी तो केंद्रात जायला तयार झाला. परत आला तो चांगला माणूस होऊन. अकरा महिने त्याने थेंब घेतला नाही. पोराचा सोमवारचा खाडा बंद झाला. आणि मग गावात एक लग्न निघाले. वरातीत चार जणांनी त्याला धरले: “आता बरा झालास की! आज एक घे, नाहीतर आमचा मान राहत नाही.” मी त्याच मांडवात होतो. मला ते दिसत होते. आपण कशाला मध्ये पडा, असे म्हणून मी पंगतीला जाऊन बसलो.

पुढच्या सोमवारी हजेरीपटावर खाडा पडला.

तो बाप पुन्हा केंद्रात गेला. या वेळी केंद्रापर्यंत सोडायला आम्ही तिघे सोबत गेलो. त्यांत वरातीतला एक जणही होता. त्यानंतर तो सावरला. पण “मी सुटलो,” असे तो कधी म्हणत नाही. भेटला की म्हणतो, “गुरुजी, आजचा दिस गेला.” मुलगा शिकला, नोकरीला लागला. मला भेटतो तेव्हा छडीचा विषय तो काढत नाही; मीही धीर करून एकदाच काढला. तो हसून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही त्या संध्याकाळी घरी आलात, तेवढंच ध्यानात राहिलंय.”

श्रोतेहो, पुढच्या वरातीत, पुढच्या पार्टीत कुणी “नको” म्हणाला, तर त्या ‘नको’ला जागा द्या. त्याच्या हातात पेला देऊ नका, आणि दुसरा कुणी देत असेल तर पंगतीला जाऊन बसू नका. मी बसलो होतो. त्याचा खाडा एका पोराच्या नावापुढे पडला.